निवांत स्वभावाच्या माणसाकडे द्राक्षबागेचा कारभार द्यावा का?

अंबडचा_थोरला

घरात सुटत नसलेला वाद इथे मांडतोय. दिंडोरी तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे, तीन एकर थॉमसन आणि एक एकर माणिक चमन. मी नाशिकच्या अंबडला कंपनीत नोकरीला. वडिलांचे, म्हणजे नानांचे, गुडघे गेलेत, त्यामुळे बागेत फिरणं आता होत नाही. धाकटा भाऊ सत्तावीसचा आहे, बागेतच असतो, कामाला नाही म्हणत नाही. पण कशाचं टेन्शन म्हणून घेत नाही. आभाळ भरून आलं तरी "बघू रे दादा, होईल काहीतरी."

नानांचं म्हणणं, आभाळ आल्यावर ज्याला झोप लागते त्याच्या हाती बाग द्यायची नाही. आई म्हणते पोरगं समाधानी आहे, त्यात वाईट काय. मला दोघांचंही पटतं, म्हणून अडकलोय.

प्रश्न सरळ आहे. निश्चिंत स्वभाव आणि जबाबदारी झटकणं यात फरक कसा ओळखायचा? "स्वभावाला औषध नाही" हे उत्तर नको, तपासता येईल असं काही सांगा. आणि कारभार द्यायचाच झाला तर कोणत्या क्रमाने द्यावा?

---

काडी_आणि_डोळा

भाऊ, द्राक्षातली कामं दोन प्रकारची असतात. काही आज झाली काय आणि चार दिवसांनी झाली काय, फरक पडत नाही. तारा ताणणं, बांधावरचं गवत, शेडची डागडुजी ही त्यातली. काहींची वेळ मात्र एकदा गेली की वर्षभर परत येत नाही. निवांत माणूस पहिल्या प्रकारात निवांत असेल तर तो शहाणा आहे, नाना उगाच त्रागा करतायत. तपासायचा तो दुसरा प्रकार.

डिपिंगचं, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याचं बघा. थॉमसनचे मणी ३ ते ४ मिलिमीटरचे झाले की जीएचं (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवणारं संजीवक) पहिलं डिपिंग आणि ६ ते ७ मिलिमीटरला दुसरं. ही अवस्था हातात दोन-तीन दिवस टिकते. त्याच दिवसांत आजूबाजूच्या सगळ्या बागांनाही मजूर हवे असतात, आणि पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्या आधी शब्द दिलेल्या बागेत जातात. म्हणजे डिपिंगची जबाबदारी डिपिंगच्या दिवशी सुरू होत नाही. छाटणीची तारीख ठरली की अंदाजे दिवस काढायचा, मुकादमाला सांगून ठेवायचं, उचल द्यायची असेल तर ती द्यायची आणि आठवडाभर आधी पुन्हा एक फोन करायचा. "मिळतील की माणसं" म्हणणाऱ्याला माणसं मिळतातही, पण चार दिवस उशिरा. तोवर मणी पुढे गेलेले असतात आणि फुगवणीत एकसारखेपणा येत नाही. व्यापारी बागेत आला की पहिली नजर त्यावरच जाते.

तेव्हा भावाला एवढंच विचारा: यंदाच्या डिपिंगला टोळी कोणाची आणि त्यांना कधी सांगितलंस? दोन्हींची उत्तरं पटकन आली तर त्याची झोप कमावलेली आहे.

दुसरी जागा डाऊनी या बुरशीजन्य रोगाची. गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरातली, फळासाठीची) तीन-चार पानं उमलल्यापासून मणी धरेपर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक. पान रात्रभर ओलं राहिलं की लागण होते. तेलकट डाग दिसायला पुढे काही दिवस जातात, त्यामुळे डाग दिसल्यावर पळापळ करणारा कितीही तळमळीचा असो, उशिराच पोचतो. या काळात तीन गोष्टी आधीच जागेवर हव्यात. स्पर्शजन्य (पानाच्या वरच राहून काम करणारं) बुरशीनाशक गोदामात हवं, दुकानात असून उपयोग नाही. ब्लोअर (ट्रॅक्टरचा फवारणी पंप) चालू स्थितीत, नोझल तपासलेले. आणि वरंब्यांच्या मधली जागा अशी की पाऊस झाल्यावरही ट्रॅक्टर आत जाईल. ट्रॅक्टर रुतला की बाकी सगळी तयारी फुकट गेली.

आता नानांना न आवडणारी गोष्ट. काळजी करणारा माणूस बाग चांगली सांभाळतो हे गृहीतच कच्चं आहे. घाबरलेला बागायतदार ढग दिसला की फवारतो, शेजाऱ्याने फवारलं की फवारतो, दुकानदाराने नवीन पुडी दिली की तीही टाकीत टाकतो. एकाच गटाचं आंतरप्रवाही (झाडात शोषलं जाणारं) औषध पाठोपाठ मारल्याने बुरशी त्याला दाद देईनाशी होते. काढणीआधी फवारणीविना सोडायचे दिवस पाळले जात नाहीत आणि औषधाच्या अंशांमुळे माल तपासणीत अडकतो. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा लागते, तिथे "थोडंसंच मारलं होतं" हे चालत नाही. २०१० साली वाढ रोखण्यासाठी वापरलेल्या लिहोसिनच्या अंशावरून नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, ते इथल्या जुन्या बागायतदारांना आठवत असेल. एक फवारणी कमी करायची हिंमत डोकं थंड असलेल्या माणसातच असते.

म्हणून तपासायची वस्तू स्वभाव नव्हे, फवारणीची वही. तारीख, छाटणीपासूनचा दिवस, औषध, प्रमाण, किती लिटर पाणी, काढणीआधी किती दिवस बंद, आणि का मारलं. शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत नसतो. तो भरलेला असेल तर त्या माणसाच्या हाती बाग द्यायला हरकत नाही, मग तो ढगांकडे बघून शीळ घालत असला तरी.

एक ठिकाण मात्र असं आहे की तिथे बेफिकिरी अजिबात खपवून घेऊ नये. छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते हाताळताना हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांवर चष्मा. आणि लावायच्या आदल्या दिवसापासून पुढचे काही दिवस दारू पूर्ण बंद, कारण हे रसायन शरीरात गेलेलं असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होणं, छातीत धडधड, रक्तदाब उतरणं असे गंभीर त्रास होतात. मजुरांना हे कामाच्या आदल्या दिवशी सांगावं लागतं, संध्याकाळी सांगून उपयोग नाही. "काही होत नाही रे" हे वाक्य इथे ऐकू आलं तर कारभाराचा विषय तिथेच बंद करा.

---

गंगापूर_रोडची_ताई

वरचं उत्तर बागेचं झालं, मी माणसाच्या बाजूने लिहिते. समुपदेशनात हा प्रश्न बायको नवऱ्याबद्दल, बाप मुलाबद्दल, कधी भागीदार भागीदाराबद्दल विचारतो. गल्लत सगळीकडे एकच असते.

मानसशास्त्रात स्वभाव मोजण्याची जी पाच घटकांची पद्धत सर्वात जास्त वापरली जाते, तिच्यात चिंतेकडे कल आणि कर्तव्यदक्षता हे दोन वेगळे घटक आहेत. एकावरून दुसरा ठरत नाही. त्यामुळे माणसं चारही प्रकारची सापडतात. चिंता करणारा आणि काम करणारा. हा नानांचा आदर्श. चिंता न करणारा आणि काम करणारा. हा घरात कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण तो गाजावाजा करत नाही. चिंता न करणारा आणि काम न करणारा. नानांना भीती वाटते ती याची. आणि चौथा, रात्रभर तळमळणारा पण सकाळी कामाला हात न लावणारा. हा चौथा सगळ्यात फसवा. त्याची तळमळ बघून घरच्यांना वाटतं हा किती जबाबदार.

या चौथ्यामुळेच एक गोष्ट समजते. काम टाळण्याचं मूळ बहुतेक वेळा आळसात नसतं, त्या कामाने मनात उठणाऱ्या नकोशा भावनेत असतं. सिरोई आणि पिचिल या संशोधकांनी २०१३ साली चालढकलीची मांडणी अशीच केली: माणूस काम पुढे ढकलतो, क्षणभर बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच पुढच्या वेळी पुन्हा ढकलायला शिकवतं. तेव्हा तुमच्या भावाचं "होईल काहीतरी" हे दोन ठिकाणांहून येऊ शकतं. एक, तयारी झालीय आणि उरलेलं आपल्या हातात नाही. दोन, विषय निघाला की पोटात गोळा येतो, म्हणून तो बंद करायचा.

बाहेरून दोन्ही सारखंच ऐकू येतं. वेगळं करायचं असेल तर पुढचा प्रश्न विचारा: "बरं, नाही झालं तर काय करायचं ठरवलंयस?" पहिल्या प्रकारचा माणूस शांतपणे सांगतो, अमुक करू, नाहीतर तमुक. दुसऱ्या प्रकारचा चिडतो, चेष्टेवर नेतो किंवा उठून जातो. हा प्रश्न पैशाबद्दल, आजारपणाबद्दल आणि चुकीबद्दल असा तीनदा वेगवेगळ्या दिवशी विचारून बघा. एखाद्याच विषयावर तो उठून जात असेल तर दोष स्वभावाचा नाही, त्या विषयाची भीती आहे. बऱ्याच घरांत तो विषय कर्जाचा निघतो.

दुसरी तपासणी तुमच्या घराची. काम म्हणजे फक्त हाताने करणं नव्हे. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ महिलेने २०१९ साली अमेरिकेतल्या जोडप्यांचा अभ्यास करून घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार तुकडे दाखवले: काय लागणार याचा आधी अंदाज घेणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. पहिला आणि शेवटचा तुकडा कोणाला दिसत नाही आणि बहुधा तो बायकांच्या वाट्याला येतो, असं त्यात आढळलं. आता बागेला हे लावा. भाऊ कामाला नाही म्हणत नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे सांगितलेलं करतो. पण औषध संपत आलंय हे कोणाच्या लक्षात येतं? विजेचं वेळापत्रक बदललंय हे कोण बघतं? मजुरांचा चहा-नाश्ता किती माणसांचा, हे आदल्या रात्री कोण मोजतं? उत्तर "नाना", "आई" किंवा "मी फोनवर" असेल, तर त्याच्या निवांतपणाचा खर्च दुसरं कोणीतरी करतंय. तो वाईट आहे असं नाही. त्याला तो खर्च कधी दिसलेलाच नाही.

आणखी एक. हा स्वभाव लहानपणापासूनचा असेल तर वरचं सगळं लागू. पण गेल्या काही महिन्यांत बदल झाला असेल, आधी रस घेणारा मुलगा "काय फरक पडतो" म्हणू लागला असेल, झोप, भूक, मित्र यांतही फरक असेल, तर त्याला निवांतपणा समजू नका. तिथे डॉक्टरांशी बोलायला हवं. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

---

पंचवटी_वाला

ताईंचा तो चहा-नाश्त्याचा प्रश्न आमच्याकडे विचारला तर घरात भांडण लागेल 😀

---

जमा_नावे

मी फक्त आकड्यांचं बोलतो. बेफिकिरीची किंमत काढता येते, आणि ती काढली की घरातला वाद अर्धा होतो. कारण मग "तू असाच आहेस" हे भांडण संपून "हे एवढ्याला पडलं" एवढंच उरतं.

पीककर्ज घ्या. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला मूळ दर ७ टक्के. मुदतीत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळून तो ४ वर येतो, आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने तोही भरून निघतो, म्हणजे शेतकऱ्याला शून्य. तारीख चुकली की दोन्ही सवलती जातात. तीन लाखांवर वर्षाचे २१ हजार रुपये, आणि थकबाकीदार म्हणून नाव लागलं तर पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं ते वेगळं. बँकेत पैसे असूनही लोक हे गमावतात, कारण "भरू पुढच्या आठवड्यात."

ट्रॅक्टर आणि मोटरसायकलचा विमा. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर साठवलेली नो क्लेम सवलत (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर येते; ती जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत चढलेली असू शकते. पण खरा धोका तो नाही. विमा संपलेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर कोणाला धक्का लागला तर दाव्याची रक्कम मालकाच्या खिशातून जाते. नाशिककडून माल घेऊन जाणाऱ्या रस्त्यांवर हंगामात किती ट्रॅक्टर असतात ते तुम्हीच बघता.

आरोग्य विमा. वार्षिक हप्ता चुकला तर साधारण ३० दिवसांची सवलत असते. तीही गेली की नवी पॉलिसी, नवा प्रतीक्षाकाळ, आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत. गुडघ्याचा सांधा बदलण्यासारख्या ठरवून करायच्या शस्त्रक्रियांनाही असाच काळ लागतो. नानांच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

फळपीक विमा. मुदत ऑक्टोबरात, म्हणजे नेमकी छाटणीच्या गडबडीत येते. सातबाऱ्यावर द्राक्षाची नोंद आणि ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची नोंद) आधी झालेली हवी. गारपिटीचं संरक्षण घेतलं असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. गारा पडल्यावर पहिला दिवस सुन्न होण्यात जातो, दुसरा बागेत, तिसरा शेजाऱ्यांशी बोलण्यात, आणि मुदत संपते. जो माणूस गारा पडल्याच्या संध्याकाळी शांत डोक्याने फोटो काढून सूचना देतो तोच कामाचा. इथे मी नानांच्या विरुद्ध, धाकट्याच्या बाजूने आहे, पण त्याला हे आधीपासून माहीत असेल तरच.

औषधाच्या दुकानातली उधारी हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा न दिसणारा खर्च. वर्षभर वहीवर लिहायचं आणि माल गेल्यावर द्यायचं. व्याज कुठे लिहिलेलं नसतं, ते दरातच असतं. एकच औषध एकाच दिवशी रोखीने केवढ्याला आणि उधारीवर केवढ्याला, हे दोन दुकानांत विचारा. तो फरक म्हणजे तुमचं व्याज.

आणि व्यापारी. गोड बोलणाऱ्याला माल देऊन पैसे बुडाल्याच्या तक्रारी नाशिकमध्ये दर हंगामात होतात. नियम ठरवून टाका: सौदा लेखी, परवाना बघितल्याशिवाय बोलणी नाहीत, आणि गाडी बागेतून हलायच्या आधी पैसे खात्यात. "ओळखीचा आहे" हे कारण चालणार नाही. निवांत माणसाचा इथे एक तोटा असतो, त्याला समोरच्यावर संशय घेणं जड जातं. म्हणून त्याच्या हातात नियम द्या. "नाना सोडत नाहीत हो" असं म्हणायची सोय त्याला राहते.

---

टाकळीचा_वाटसरू

सगळ्यांनी व्यवहाराचं लिहिलंय, म्हणून थोडं वेगळं. हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सोडण्याचे तीन प्रकार सांगितलेत. ठरलेलं कर्म समजच नसल्याने सोडलं तर तो तामस त्याग. त्रास होईल, अंग झिजेल या भीतीने सोडलं तर राजस. आणि कर्म केलं, पण त्यातली आसक्ती आणि फळाची अपेक्षा सोडली तर सात्त्विक. तिघांनीही काहीतरी सोडलंय, तिघंही हलके दिसतात. फक्त तिसऱ्याने काम सोडलेलं नाही.

नानांना हे असं सांगून बघा. त्या पिढीला मानसशास्त्र पटायचं नाही, पण हे पटेल. मात्र धाकट्यासमोर सांगू नका, तो उद्यापासून स्वतःला सात्त्विक म्हणवून घेईल.

आणि नाशिकच्या माणसाला उदाहरण शोधायला लांब जायला नको. गोदाकाठच्या भांडी बाजारातले, सराफ बाजारातले दुकानदार पावसाळ्यात बघा. गंगापूर धरणातून किती क्युसेकने पाणी सोडलं हे कळलं, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं हे बघितलं, की खालचे कप्पे रिकामे करायला घेतात. माल वर गेला की तेच लोक पुलावर उभे राहून पूर बघतात. बाहेरगावच्या माणसाला वाटेल काय बेफिकीर लोक आहेत.

---

अंबडचा_थोरला

सर्वांचे आभार. वही मागितली. फवारणीची वही आहे, तारीख-औषध-प्रमाण व्यवस्थित, पण "का" हा रकाना नाही. टोळीचा प्रश्न विचारला, त्याला मुकादमाचं नाव माहीत होतं, पण "नाना सांगतात ना त्याला" म्हणाला. पीककर्जाचा विषय काढला तर मोबाईल घेऊन बाहेर गेला. म्हणजे मिश्र निकाल.

आता क्रमाचं सांगा. मी विचार करतोय की यंदा एप्रिलची खरड छाटणी (नवी काडी तयार करण्यासाठीची) त्याच्याकडे द्यावी. तेव्हा झाडावर माल नसतो, चुकलं तरी नुकसान नाही. ऑक्टोबरपासून पुन्हा नाना आणि मी बघू. बरोबर?

---

काडी_आणि_डोळा

चूक, आणि ही चूक बरेच लोक करतात. माल दिसत नाही म्हणून एप्रिल सोपा वाटतो. खरं तर पुढच्या हंगामाचे घड एप्रिलनंतरच काडीच्या डोळ्यात तयार होतात, साधारण छाटणीनंतरच्या ४० ते ७० दिवसांत. सबकेनसाठी (काडीवरच्या पोटकाडीसाठी) शेंडा वेळेवर मारला नाही, नत्र जास्त झालं, वाढ बेफाम सुटली, फुटवे विरळ न केल्याने डोळ्यांना ऊन मिळालं नाही, तर घडाऐवजी बाळी (वेलीचा नुसता वळणदार तंतू) निघते. आणि हे कळतं ऑक्टोबरात. म्हणजे चूक त्याच्या काळात आणि परिणाम तुमच्या. तुम्ही ठरवलेल्या पद्धतीत त्याला स्वतःची चूक कधी दिसणारच नाही, आणि ऑक्टोबरात खापर कोणावर फोडायचं यावर नवा वाद होईल.

हंगाम तोडू नका, जमीन तोडा. माणिक चमनचा एक एकर त्याला पूर्ण द्या, एप्रिलच्या छाटणीपासून माल तोडून पैसे खात्यात येईपर्यंत. उरलेले तीन एकर जसे चाललेत तसे चालू द्या. मधल्या तपासण्या ठरवा, पण मोजक्याच. पहिली, सबकेनच्या वेळी, सहा-सात पानांवर शेंडा मारला गेला का. दुसरी, गोडी छाटणीआधी काडी तपासून घ्यायची. डोळ्यात घड आहे की नाही आणि कितव्या डोळ्यावर आहे हे प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगते, त्यावरूनच किती डोळ्यांवर छाटायचं ते ठरतं. हा अहवाल त्याने स्वतः आणायचा. तिसरी, फुलोऱ्याआधी बुरशीनाशकांचा साठा. चौथी, काढणीआधी शेवटच्या फवारणीचे दिवस. मध्ये कोणी आठवण करायची नाही.

डिसेंबर-जानेवारीत निफाड-दिंडोरीकडे पारा घसरतो तेव्हा पहाटे ठिबक चालू करणं, शेकोट्या पेटवणं ही कामं शेजारच्या तीन एकरांतही असतात. तेव्हा तो आपोआप उठेल की कोणीतरी उठवावं लागेल, हे वेगळं तपासायची गरज नाही, दिसेलच.

---

गंगापूर_रोडची_ताई

"आठवण करायची नाही" हे तुम्हालाच जड जाणार आहे, त्यालाही नाही एवढं. मोठ्या भावाचा संध्याकाळचा फोन म्हणजे त्याचा गजर झालाय. तो बंद केल्यावर पहिले काही दिवस एखाद-दोन गोष्टी राहतील. त्या बागेला मारक नसतील तर राहू द्या. म्हणून सुरुवात गोडी छाटणी ते मणी धरण्याच्या काळात करू नका, नाहीतर तुम्ही घाबरून मध्ये पडाल आणि त्याचा धडा असा होईल की शेवटी दादा बघतोच.

"लक्ष ठेव" सांगून उपयोग होत नाही. गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली "अमुक झालं की तमुक" अशी जोडणी जास्त चालते. सगळं त्याच्याकडून लिहून घ्या, तुम्ही लिहू नका: "रात्री साडेनऊला जेवण झालं की हवामान बघायचं. पावसाचा अंदाज असला तर ब्लोअरची टाकी आणि डिझेल त्याच रात्री बघायचं, सकाळी नाही." एका वेळी दोन-तीनच. वीस लिहिलीत तर एकही होणार नाही.

कर्जाचा विषय आला की तो बाहेर जातो, ते तुम्ही टिपलंत हे चांगलं. तिथे रागावू नका. त्याला बहुधा रक्कम माहीत नसेल, आणि माहीत नसलेली रक्कम नेहमी मोठी वाटते. एका बैठकीत फक्त आकडे दाखवा. निर्णय काही मागू नका, सल्ला काही देऊ नका. दुसऱ्या बैठकीत विचारा, यातला कोणता भाग तू बघशील.

---

जमा_नावे

त्यात एक भर. एक एकर दिलात पण औषध आणायला नानांची सही लागत असेल, तर तुम्ही त्याला मजूर ठेवलंय. अधिकार नसलेला माणूस निवांतच असणार, त्याने काळजी करून करायचं काय? त्या एकराचं वेगळं बचत खातं उघडा. गेल्या हंगामात त्या एकराला लागलेला खर्च काढा, खत, औषध, मजुरी, डिझेल, कागद-क्रेट सगळं धरून, आणि तेवढी रक्कम चार हप्त्यांत टाका: एप्रिल छाटणीला, पावसाळ्यात, गोडी छाटणीला आणि डिपिंगच्या आधी. वर १० टक्के अडचणीसाठी, ते काढताना मात्र दोघांनी ठरवायचं. माल गेला की आधी हे पैसे घरखात्यात परत, मग उरलेल्यातला त्याचा वाटा. वाटा किती हे आधीच कागदावर, नंतर नाही.

हिशेब नानांच्या वहीच्या पद्धतीने ठेवू दे की मोबाईलवर, ते त्याच्यावर सोडा. फक्त महिन्याच्या पाच तारखेला नानांनी स्वतः बसून बघायचं. चुका काढायला नव्हे. नानांना दर कुठे वाढलेत ते कळतं, आणि त्याला ऐकवायला नाना सोडणार नाहीत, ते वेगळं.

---

अंबडचा_थोरला

खात्याचं पटलं. नानांना आज सांगितलं, पहिला प्रश्न आला "दहा टक्के कशाला?" बघू. माणिक चमनच्या एकराचा मागच्या हंगामाचा खर्च काढायला बसलो तर डिझेलचा आकडाच कुठे लिहिलेला नाही, चारही एकरांचं एकत्र आहे. तो कसा वाटायचा?

---

जमा_नावे

एकरावर सरळ भागू नका. ब्लोअर किती टाक्या कुठे गेला हे फवारणीच्या वहीत असेल, धाकट्याची वही व्यवस्थित आहे असं तुम्हीच लिहिलंत. टाक्यांच्या प्रमाणात फवारणीचं डिझेल वाटा, नांगरट आणि वाहतुकीचं मात्र एकरावर. हा हिशेब त्यालाच करायला सांगा.